इंटेलिजे आयडियात जावाएफएक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काम साधं: पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये वजनाच्या पावत्या काढणारा विंडोज प्रोग्राम. शेडमध्ये नेटचा भरवसा नाही, म्हणून ब्राउझरऐवजी डेस्कटॉप. एवढ्याला इंटेलिजे आयडिया (जावाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि जावाएफएक्स (जावात खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) ही जोडी पुरते. प्रोजेक्ट दहा मिनिटांत उभा राहतो. दिवस खातं ते त्यानंतरचं.

आयडियाच्या न्यू प्रोजेक्टमध्ये जावाएफएक्स, मेव्हन (लायब्रऱ्या आणून प्रोजेक्ट बांधणारं साधन) आणि जेडीके २१ (जावात प्रोग्राम बनवायचा संच) निवडा. पुढच्या पानावर जादा लायब्रऱ्यांच्या चौकटी येतात, त्या रिकाम्याच सोडा; लागेल ती नंतर मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये घालता येते. २०१८ साली आलेल्या जेडीके ११ पासून जावाएफएक्स जेडीकेपासून वेगळं झालं, त्यामुळे जावा ८ च्या काळातले व्हिडिओ बघून सेटअप करायला जाऊ नका.

न्यू प्रोजेक्टचा विझार्ड मॉड्यूल-इन्फो फाइल (प्रोग्रामला कोणती मॉड्यूल्स, म्हणजे कोडचे गठ्ठे, लागतात ते सांगणारी) बनवून देतो. ती कटकट वाटून उडवली की 'रनटाइम कंपोनंट्स मिसिंग' हा प्रसिद्ध एरर हजर! मुख्य क्लास जावाएफएक्सच्या ॲप्लिकेशन क्लासला एक्स्टेंड करत असेल, तर जावा सुरुवातीलाच जावाएफएक्सची मॉड्यूल्स शोधतो आणि क्लासपाथवरची (लायब्रऱ्या शोधायच्या जुन्या पद्धतीच्या यादीतली) त्याला दिसत नाहीत. फाइल ठेवा. मात्र कंट्रोलर (खिडकीतली बटणं हाताळणारा क्लास) नव्या पॅकेजात हलवलात, तर त्या पॅकेजासाठी मॉड्यूल-इन्फोत ओपन्सची ओळ हातानेच लिहावी लागते. नाहीतर एफएक्सएमएल (खिडकीची मांडणी असलेली फाइल) लोड होताना ॲक्सेसचा एरर येतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो रिसोर्सेस फोल्डरने. तिथे न्यू डिरेक्टरी करून 'कॉम डॉट पॅकहाऊस डॉट पावती' असं टिंबं देऊन लिहिलं, की त्याच नावाचा एकच फोल्डर तयार होतो. आयडियाच्या पट्टीत एकात एक असलेले फोल्डरही टिंबांनीच जोडलेले दिसतात, म्हणजे चूक डोळ्यांना कळतच नाही. चालवल्यावर तिथली एफएक्सएमएल फाइल सापडत नाही आणि एरर येतो 'लोकेशन इज नॉट सेट'. टिंबांऐवजी स्लॅश द्या आणि विंडोज एक्सप्लोररमध्ये एकदा उघडून बघा.

वजनकाटा सिरियल पोर्टवरून वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) वाचला जातो. तिथूनच लेबलवर आकडा टाकला तर 'नॉट ऑन एफएक्स ॲप्लिकेशन थ्रेड'. ते काम प्लॅटफॉर्म रनलेटरमध्ये (खिडकीच्या थ्रेडकडे काम सोपवणारी मेथड) गुंडाळा, पण काट्याच्या प्रत्येक रीडिंगला नको. आकडा बदलला तरच, नाहीतर रांग साचून खिडकी अडखळते.

मराठी लेबलं प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवणार असाल, तर सेटिंग्जच्या फाइल एन्कोडिंग्जमध्ये त्या फाइलींसाठी यूटीएफ-८ आहे ना, ते आधी पाहा. नाहीतर 'निव्वळ वजन'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

सीन बिल्डर (एफएक्सएमएलची मांडणी माउसने करायचा प्रोग्राम) वेगळा उतरवून आयडियाला त्याचा पाथ देणं बरं. आठ जीबी रॅमवर दोन्ही उघडले की मशीन रखडतं, सोळा असू द्या.

प्रोग्रामच्या पॅकिंगला जेपॅकेज (इन्स्टॉलर बनवणारं जेडीकेतलं साधन) चांगलं आहे, पण विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवरच बनतो आणि त्यासाठी विक्स टूलसेट आधी लागतो. एखादी जुनी लायब्ररी मॉड्यूल-इन्फोशिवाय असेल, तर जेलिंक (लागतील तेवढीच मॉड्यूल्स घेऊन छोटा जावा बनवणारं साधन) 'ऑटोमॅटिक मॉड्यूल' म्हणून थेट नकार देतो. तेव्हा जावाएफएक्स आतच असलेला लिबेरिका या जावा वितरणाचा फुल जेडीके घ्या आणि प्रोग्राम क्लासपाथवरून पॅक करा.