घरच्या गॅरेजात शर्यतीची शिडाची नाव: ऑप्टिमिस्ट, मिरर की ओके?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका काकांनी परवा मला त्यांचं गॅरेज उघडून दाखवलं. पंधरा फूट लांब, नऊ फूट रुंद, एका भिंतीशी जुन्या फळ्या रचलेल्या. "इथे शर्यतीची शिडाची नाव बांधता येईल का रे?" त्यांचा हात सुतारकामात बसलेला आहे. नात दहा वर्षांची. देवासच्या नेहा ठाकूरनं 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं तेव्हापासून त्या घरात सेलिंगचा विषय निघतो. मुलगा पस्तिशीचा, ब्याऐंशी किलोचा. त्यालाही शीड धरायचं आहे.

मी म्हटलं, काका, गॅरेजचं नंतर बघू. नावेत बसणार कोण आणि ती शर्यत कोणाशी लावणार, ते आधी ठरवा. हे न ठरवता नकाशा मागवला की नाव पूर्ण होते आणि मग भिंतीला टेकून उभी राहते. मी इंदुरातच खालच्या खोलीत एक मिरर बांधली आहे, एका मित्राच्या ओकेच्या सांगाड्यावर एक हिवाळा काम केलं आहे आणि भाच्यासाठी ऑप्टिमिस्ट बांधायची की घ्यायची, यावर बरीच डोकेफोड केली आहे. काकांना सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी या तीन जातींच्या नावांचे आकडे.

| | ऑप्टिमिस्ट | मिरर | ओके |
|---|---|---|---|
| लांबी | 2.3 मी. | 3.3 मी. | 4 मी. |
| रुंदी | 1.13 मी. | 1.39 मी. | 1.42 मी. |
| नुसत्या हलचं (नावेच्या अंगाचं) वजन | 35 किलो | 45.5 किलो | 72 किलो |
| शीड | सुमारे 3.3 चौ. मी. | दोन शिडं मिळून सुमारे 6.5 चौ. मी. | सुमारे 8.5 चौ. मी. |
| कोणासाठी | एक मूल | दोघं | एक मोठा माणूस |

या यादीत लेझर, म्हणजे आताची आयएलसीए, का नाही असं विचाराल. नेहाचं पदक आयएलसीए 4 मधलंच, म्हणजे त्याच नावेच्या छोट्या शिडाच्या प्रकारातलं. पण त्या वर्गात, म्हणजे एकाच नमुन्याच्या नावांच्या गटात, हल परवानाधारक कारखान्यातलाच लागतो. घरी हुबेहूब तशी नाव बांधली तरी तिला आयएलसीएच्या शर्यतीत घेणार नाहीत. ती विकतच घ्यायची.

ऑप्टिमिस्टचा जन्म मात्र घरगुतीच. 1947 मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ती काढली, आणि आठ फुटी प्लायवूडच्या शीटमधून निघावी म्हणून लांबी आठ फुटांच्या आत ठेवली. पेटीसारखी, चपट्या नाकाची, एका तिरप्या काठीनं ताणलेलं चौकोनी शीड. दहा वर्षांच्या मुलाला ती एकट्यानं हाकता येते, आणि एकट्यानं हाकल्याशिवाय वारा कळत नाही. वर्गाचे नियम आजही लाकडी बांधणीला जागा देतात. मग अडचण कुठे? मापात. ही आज काटेकोर एकसारखेपणाची नाव आहे. तळाचा बाक, कडांचे कोन, सगळं मिलिमीटरमध्ये तपासलं जातं. पहिल्याच प्रयत्नात घरी ते साधणं फार अवघड, आणि साधलं नाही तर त्या पोराला समवयस्कांच्या शर्यतीत उतरता येत नाही. शिवाय ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात त्या वर्षाअखेर ऑप्टिमिस्ट सुटते. आजोबांचे दोन हिवाळे बांधणीत गेले तर दहाची नात बाराची होते. म्हणून मूल खरोखर स्पर्धेत उतरणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की फायबरची वापरलेली ऑप्टिमिस्ट घ्या आणि भोपाळच्या बड्या तलावावर शिकायला पाठवा. नेहाही तिथल्याच नॅशनल सेलिंग स्कूलची.

ओके डिंगी 1957 ची, डेन्मार्कच्या क्नुड ओल्सेन यांची. त्यांच्या आद्याक्षरांची उलटापालट करून नाव पडलं. घरी प्लायवूडमध्ये बांधता यावी हाच तिचा हेतू होता. अंगापिंडानं भरलेल्या माणसाला ती शोभते. साठ किलोच्या माणसाला जोरदार वाऱ्यात तिचं एवढं मोठं शीड आवरत नाही. बांधणी जुन्या पद्धतीची: जमिनीवर सरळ तळकाट, म्हणजे आधाराची लांब तुळई, त्यावर आडव्या चौकटी उलट्या उभ्या करायच्या, कडेनं लांब पट्ट्या वाकवून बसवायच्या आणि मग त्यावर प्लाय. एक चौकट पाच मिलिमीटर सरकली तर तळाला लाट येते आणि ती पाण्यात जन्मभर बोलते. मित्राच्या ओकेत आम्ही तिसरी चौकट दोनदा काढून परत बसवली. काकांच्या पंधरा फुटांत ती मावते, पण दोन्ही टोकांना जेमतेम वीतभर जागा उरते. रंधा घेऊन तिथे उभं राहता येत नाही. डोलकाठी अख्ख्या गॅरेजपेक्षा लांब, आणि तिला ताणाच्या तारा नाहीत, त्यामुळे साधा पाइप चालत नाही. हात बसलेला असेल, जागा मोठी असेल आणि एकट्यानंच शर्यत लावायची असेल, तर मात्र ओकेसारखी नाव नाही.

आता मिरर. इथे मी थोडा रेंगाळणार.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ही नाव आखली. होल्ट नौकारचनाकार, बकनेल ब्रिटनच्या टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे. डेली मिरर वर्तमानपत्रानं ती उचलून धरली, म्हणून हे नाव आणि म्हणूनच लाल शिडं. सत्तर हजारांहून जास्त मिरर बांधल्या गेल्या. होल्ट यांच्याच एंटरप्राइझ नावेलाही असाच एका वर्तमानपत्राचा आधार होता, पण ती 4 मीटरवर जाते आणि तिचा हल मिररच्या जवळपास दुप्पट वजनाचा. 1982 च्या आशियाडमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ज्या फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवलं, ती नावही मुळात घरी बांधण्यासाठीच काढलेली. पण जवळपास पाच मीटर लांबीची नाव इंदूरच्या घरातून बाहेर काढायची कशी?

मिररची युक्ती शिवणकामाची आहे. प्लायचे तुकडे नमुन्याप्रमाणे कापायचे, कडांना वीतभर अंतरावर बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं दोन तुकडे एकमेकांना शिवायचे. सपाट तळाचे दोन भाग आधी पुस्तकासारखे मिटलेले असतात. तारा घातल्यावर ते उघडायचे आणि नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, पक्कडीनं एकेक तार पिळत यायचं. हळूहळू त्या सपाट लाकडाला पोट येतं. तो क्षण मी विसरलेलो नाही. दुपारी जमिनीवर नुसते तुकडे होते, दिवेलागणीला खोलीत नाव उभी होती. आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. सांगाडा नाही, तळकाट नाही. मग आतून सांध्यात इपॉक्सीत (दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या डिंकात) मळलेल्या लाकडाच्या पिठाचा लगदा भरायचा, चमच्याच्या पाठीनं गोल फिरवायचा आणि वरून फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. सांध्याचं खरं बळ त्या पट्टीत असतं.

दुसरी युक्ती डोलकाठीची. शिडाची काठी दोन तुकड्यांत आहे, वरचा तुकडा दोरीनं ओढून उभा करतात. सगळ्या काठ्या नावेच्या लांबीत मावतात. हल कुशीवर केला की तीन फुटी दारातून निघतो, हे मी माझ्याच घरात केलेलं आहे. बाजूच्या हवाबंद पेट्या आसनाचंही काम करतात आणि नाव उलटली तरी तिला तरंगती ठेवतात. काकांचा मुलगा सुकाणूवर, नात पुढच्या शिडाच्या दोरीवर. हे चित्र मिररमध्येच जमतं.

पुढचा सगळा मुद्दा प्लायचा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. शिक्का आयएस 710 या भारतीय मानकाचा हवा, म्हणजे मरीन प्लाय. त्याच्या मानकात 72 तास उकळण्याची चाचणी आहे. आयएस 303 ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला काही काळ टिकणारी) प्लाय फर्निचरला ठीक, नावेला नाही. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. सियागंजच्या बाजारात चौकशी करत मी जी पहिली शीटं घेतली त्यांवर शिक्का स्पष्ट होता. घरी हातभर तुकडा कापून कुकरच्या भांड्यात दिवसभर उकळला, संध्याकाळी कडा केळीच्या सोपटासारख्या सुटल्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत, पण नाव वाचली. तेव्हापासून एक शीट आणायचं, उकळायचं, कापलेल्या कडेवर बॅटरी मारून आतल्या थरांत पोकळ्या दिसतात का बघायचं आणि मगच बाकीची घ्यायची.

वजनाचंही तसंच. आपल्याकडची मरीन प्लाय बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाची. मिररला 5 मिलिमीटरची प्लाय लागते. घनमीटरला 700 किलो धरले तर तसं एक 8 बाय 4 चं शीट साडेदहा किलोंच्या आसपास जातं. ओकुमेसारख्या हलक्या लाकडाचं सातच्या जवळ. चार शीटं धरली तरी चौदाएक किलोंचा फरक, त्यातले दहा-अकरा किलो नावेतच राहतात. 45.5 किलोंच्या हलला हे फार झालं. शिवाय दुकानात 4 किंवा 6 सहज मिळते, 5 मागून घ्यावी लागते. थांबा आणि 5 च घ्या. ओकेला हा फरक आणखी जाचतो, कारण तिचं क्षेत्रफळ मोठं. हलकी आयात प्लाय परवडत असेल तर इतर सगळीकडे काटकसर करा, इथे नको.

इपॉक्सीला इंदूरचा मे सोसत नाही. मी एकदा अर्धा लिटर एकाच मगमध्ये कालवली; पाचव्या मिनिटाला मग हाताला चटका देऊ लागला, मग धूर. उन्हाळ्यात काम करावंच लागलं तर पसरट ताटलीत, वाटीभरच, पहाटे. पावसाळ्यात दमटपणामुळे वर मेणचट थर येतो. तो पाण्यानं धुऊन काचपेपर मारल्याशिवाय पुढचा हात दिला तर तो सुटतो. दिवाळीनंतरचे महिने सर्वांत चांगले, फक्त ऐन थंडीच्या रात्री सांधा वाळायला दुप्पट वेळ लागतो. हातमोजे घालाच. इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की ती जात नाही.

आणि शर्यत? इथे जवळपास दुसरी मिरर कुठे आहे, असं काकांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. त्यासाठी ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत आहे: प्रत्येक जातीच्या नावेला एक आकडा, लागलेल्या वेळेला हजारनं गुणून त्या आकड्यानं भागायचं. मोठ्या शिडाच्या लेझरचा आकडा 1100 च्या आसपास, मिररचा 1390 च्या. लेझर 48 मिनिटांत आली तर तिचे 43.6 धरतात, मिरर पूर्ण तासानं आली तरी तिचे 43.2, म्हणजे मिरर जिंकली. दोन मित्रांकडे दोन वेगळ्या नावा असल्या तरी खरी शर्यत होते. पण राष्ट्रीय स्पर्धा हेच ध्येय असेल तर हा हिशेब पुरत नाही, तिथे वर्गाचीच नाव लागते.

पाण्याचंही बोलू. इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय होळकरांच्या काळातला, शहराला पाणी देणारा आणि 2022 पासून रामसर यादीतला, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला. सिरपूर तलावही त्याच यादीत. यशवंत सागरावर सारस आणि हिवाळी पाहुणे पक्षी असतात. परवानगी लेखी घेतल्याशिवाय नाव पाण्यात घालू नका, आणि पक्ष्यांच्या कळपापासून लांब राहा. परवानगी नसेल तर भोपाळ, रस्त्यानं दोनशेच्या आत. लहान गाडीच्या छतावर साधारण पन्नास किलोंच्या आतच भार चालतो, गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो. ऑप्टिमिस्ट निर्धास्त जाते, नियमातल्या वजनाची मिरर काठावर, ओकेला ट्रेलर लागतोच. प्लायचे ते जास्तीचे दहा किलो इथेही भोवतात.

काकांना मी मिररच सांगितली. नात स्पर्धेचं मनावर घेईल तेव्हा तिला वापरलेली ऑप्टिमिस्ट, आणि उंची वाढली की आयएलसीए 4. मुलगा वर्षभरानंतरही शीड सोडत नसेल तर ओकेचा विचार करायचा, तोवर काकांचा हातही इपॉक्सीला सरावलेला असेल. दसऱ्याला प्लाय आणून उकळून बघायची, दिवाळीनंतर तुकडे कापून शिवायचे, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीपर्यंत पेट्या बंद. रंग देण्याआधी प्रत्येक पेटीच्या भोकाला सायकलच्या पंपाची नळी लावून हलकीच हवा भरायची, ब्रशनं साबणाचं पाणी सांध्यांवर फिरवायचं आणि जिथे बुडबुडा येईल तिथे पेन्सिलीनं खूण करायची. माझ्या नावेवर अशा सात खुणा होत्या.