आठ महिने स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर: घरचे ३८, पसारा पाहुण्यांचा

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क. मित्रमंडळींसाठी त्याचा सर्व्हर उभा करून आठ महिने झाले. खाती ३८, त्यातली रोज फिरकणारी पंधरा-सोळा. एवढ्यांना ४ जीबी रॅमचं भाड्याचं मशीन पुरेल हा अंदाज बरोबर निघाला. डिस्कने मात्र रडवलं.

आपल्याकडच्या कोणी बाहेरच्या खात्याला फॉलो केलं की त्या खात्याच्या नव्या पोस्ट आपल्या डेटाबेसमध्ये येतात आणि त्यातल्या फोटो-व्हिडिओंची प्रत आपल्याच डिस्कवर उतरते. आमच्यातला एक पक्षीवेडा जगभरच्या शेकडो फोटोग्राफरांना फॉलो करतो. त्यात टाइमलाइन ओस दिसू नये म्हणून मी हौसेने एक रिले (इतर सर्व्हरवरच्या सार्वजनिक पोस्ट आपल्याकडे ओतणारी सोय) जोडलेला. तिसऱ्या आठवड्यात ८० जीबीची डिस्क तुडुंब, डेटाबेस सांभाळणारा पोस्टग्रेस आडवा, आणि रात्री दीड वाजता मी लॅपटॉपपुढे. रिले त्याच रात्री काढला. आता सात दिवसांहून जुना बाहेरचा मीडिया आपोआप पुसला जातो. कोणी जुनी पोस्ट उघडलीच तर फोटो मूळ सर्व्हरवरून पुन्हा येतो, त्यामुळे कुणाला फरकही कळला नाही. हे सेटिंग पहिल्या दिवशीच करायचं होतं.

दुसरा दणका साइडकिकचा, म्हणजे सर्व्हरची पडद्यामागची कामं उरकणाऱ्या प्रोग्रामचा. पोस्ट पाठवणं, बाहेरून आलेलं घेणं, सगळं याच्या रांगांतून चालतं. फॉलोअर हजारो असले तरी पोस्ट साधारण दर सर्व्हरला एकदाच जाते, ही सोय छान. पण एकीची पोस्ट फिरली आणि बाहेरून लाइक, बूस्ट (म्हणजे रीट्विट), उत्तरांचा असा लोंढा आला की नोटिफिकेशन अर्धा-पाऊण तास उशिरा. मी शहाणपणा करून साइडकिकचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामं उचलणारे हात, भरमसाट वाढवले. प्रत्येक थ्रेडला डेटाबेसचं कनेक्शन लागतं, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० ची! सगळंच ठप्प. शेवटी आवक आणि जावक यांच्या प्रोसेस वेगळ्या केल्या. (ठरल्या वेळची कामं लावणाऱ्या शेड्युलरची रांग एकाच प्रोसेसमध्ये ठेवा, दोन नकोत.) ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ट्विटर घेतल्यावर इकडे माणसांची रीघ लागली होती, तेव्हा मोठे सर्व्हर चालवणाऱ्यांचं काय झालं असेल याची आता कल्पना येते.

बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवतो, त्याचं भाडं वेगळं. डोमेन जपून निवडा, नंतर बदलता येत नाही.

राहिले पैसे. जाहिराती नाहीत, म्हणजे वर्गणी. पहिले तीन महिने मी संकोचाने पदरचे घातले. मग मशीन, बॅकअप, डोमेन असा महिन्याचा हिशेब पोस्ट करून वर पिन केला, खाली यूपीआय. कुणाला एकट्याने मेसेज केला नाही. अकरा जणांनी भरले, त्यात महिना निघतो. गंमत म्हणजे सर्वात जास्त पोस्ट टाकणारे त्या अकरांत नाहीत.

पक्षीवेड्याने मात्र न सांगता दोघांची वर्गणी भरली. फॉलो एकही कमी केलेला नाही.