आई-वडिलांच्या वाढदिवसाला न सांगता जायचं, एकाला सांगून जायचं, की कळवूनच जायचं?

वाढदिवसाला अचानक दारात उभं राहायचं ठरलं, की तिकीट काढण्याआधी गुपित कोणाकोणापासून लपवायचं हे ठरवा. मार्ग तीन आहेत: कोणालाच न सांगता जाणं, एका माणसाला विश्वासात घेणं, किंवा येणार हे सांगून फक्त वेळ लपवणं. पहिला मार्ग सगळ्यांना भुरळ घालतो. आमच्या मते बहुतेक घरांना दुसरा मानवतो.

कोणालाच न सांगता

दार उघडतानाचा आनंद यात सगळ्यात मोठा, पण बेत फसण्याच्या जागाही यातच जास्त. पहिली म्हणजे ते घरीच नसणं. निवृत्त माणूस घरीच असणार, हे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या दिवशी दवाखान्याची वेळ घेतलेली असते, मित्रांबरोबर बाहेर जायचं असतं, किंवा तेच तुम्हाला चकित करायला तुमच्याकडे निघालेले असतात.

दुसरी जागा फोनची. रोज ठरल्या वेळी येणारा फोन आला नाही आणि वर तो बंद लागला, की आई-वडील तासाभरात भावंडांना, मित्रांना फोन करू लागतात. वाढदिवसाच्या सकाळी तर ते शुभेच्छांची वाटच बघत असतात. नेमके तेव्हा तुम्ही विमानात असाल, तर त्यांची सकाळ काळजीत जाते. म्हणून आदल्या दिवशीच ‘उद्या सकाळी कामात आहे, दुपारनंतर निवांत बोलू’ असं सांगून ठेवा आणि दुपार टळायच्या आत पोहोचा. वाटेतून फोन करायचाच असेल तर स्टेशनवरून करू नका. मागची घोषणा सगळं सांगून टाकते. परदेशातून येत असाल तर रिंगचा आवाज वेगळा येऊ शकतो, त्यामुळे उतरल्यावर फोन तुम्हीच करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका.

तिसरी जागा लक्षातच येत नाही. तिकिटाचा ईमेल घरच्या सामायिक खात्यावर जातो, कार्डाचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तासांनी आपोआप थांबतं. गूगल मॅप्सवर मात्र ते बंद करेपर्यंत चालू ठेवता येतं. निघण्याआधी तपासून घ्या.

तुम्ही दोन-चार तासांच्या अंतरावर राहत असाल, आई-वडील ठणठणीत असतील आणि कुलूप दिसलं तरी संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी असेल, तर हा मार्ग जरूर निवडा. प्रवास लांबचा असेल, किंवा आई वा वडील एकटे राहत असतील, तर नको.

एकाला सांगून

गुपित एकालाच सांगायचं. दुसऱ्याला कळलं की वेगळा ग्रुप निघतो, आणि एखादा मेसेज हमखास चुकीच्या ग्रुपवर पडतो. जोडीदार हा स्वाभाविक पर्याय असला तरी ज्या जोडप्याला एकमेकांपासून काही लपवायची सवयच नाही, तिथे भावंड किंवा शेजारी बरे. त्या माणसाकडून एवढं समजून घ्या: त्या दिवशी बाहेर जायचं आहे का, औषधं आणि जेवण किती वाजता, दाराला आतून कडी कधी लागते, आणखी कोण येणार आहे. मग एकच काम सोपवा: तुमच्या पोहोचण्याच्या वेळेनंतर दोन तास त्यांना घरीच थांबवून ठेवणं. गाडी उशिरा येतेच.

औषधांचं विचारायचं कारण गंभीर आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर, गडबडीत जेवण लांबलं तर साखर घसरते. त्यामुळे ऐन जेवणाच्या तोंडावर पोहोचू नका. श्रवणयंत्र रात्री काढून ठेवलेलं असतं, म्हणजे मध्यरात्रीची घंटा ऐकूच जाणार नाही. ऐकू आलीच तर त्या वेळच्या घंटेने आधी भीतीच वाटते. स्मृतिभ्रंश असेल तर चकित करण्याचा विचारच सोडा. त्याच सकाळी कोणीतरी सांगावं, आणि दारात तुम्ही आपलं नाव व नातं स्वतःहून बोलावं.

हृदयविकार असलेल्यांचा प्रश्न वेगळा. तीव्र भावनेच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक आजार आहे, ताकोत्सुबो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ठोस भावनिक कारण सापडलेल्या ४८५ रुग्णांपैकी २० जणांचं कारण आनंदाचं होतं. प्रकार दुर्मीळ आहे, घाबरून बेत मोडायची गरज नाही. पण अंधारातून ओरडत पुढे येणं टाळा. दिवसाउजेडी, समोरून, हाक मारत या.

येणार हे सांगून

काहींना अचानक कोणी आलेलं खरंच आवडत नाही. घर आवरलेलं नाही, आपण घरच्या कपड्यांत आहोत, हेच त्यांना खटकत राहतं. शिवाय आठ दिवस वाट बघणं हाही त्यांच्या वाढदिवसाचाच आनंद, तो हिरावून घेऊ नये. अशांना तारीख सांगा आणि एक दिवस आधीच पोहोचा. तयारी बरीचशी झालेली असते, आणि दार उघडताना आश्चर्यही वाटतं.

पहिल्या दोन्ही मार्गांत एक पथ्य पाळाच: ‘यंदा जमत नाही’ असं ठामपणे सांगू नका. तुम्हाला शेवट माहीत असतो, त्यांना नसतो. ते दिवस ते खरोखर हिरमुसून काढतात. ‘अजून नक्की नाही’ एवढं पुरतं. तेवढ्यानेही आवाज उतरलेला जाणवला, तर बेत मोडून सांगून टाकावं.

निघण्याच्या दिवशी ताप-खोकला असेल तर जाणं पुढे ढकला. फ्लू वयस्कर माणसाला जड जातो. आणि पोहोचल्यावर पहिल्या तासातच परतीचा दिवस सांगा. न सांगता आलेला माणूस किती दिवस राहणार, ही चुळबुळ त्यांना लगेच सुरू होते, पण विचारायचा संकोच वाटतो.