आहे ती इलेक्ट्रिक गिटार सुधारावी, किट जुळवावं, की नवी घ्यावी?

तार बेंड केली की सूर मध्येच मरतो, ट्यूनिंग करताना नटमधून (नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ‘टिंग’ असा आवाज येतो, आणि अ‍ॅम्पचा गेन वाढवला की घरघर सुरू. एवढ्यावर बहुतेकजण ‘गिटारच बेकार’ असा निकाल देऊन मोकळे होतात. यातल्या पहिल्या दोन तक्रारींचा पिकअपशी, म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाशी, काडीचा संबंध नसतो. सूर मरतो तो फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किंवा तारांच्या उंचीमुळे, म्हणजे अ‍ॅक्शनमुळे, ‘टिंग’ येतं ते नटच्या खाचेत तार अडकल्यामुळे.

म्हणून तुलना करण्याआधी सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची नीट जुळणी. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली की नेक ठीक आहे. फट बरीच जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) पाव-पाव फेऱ्यानं फिरवून बघा. फट जागेवर येत नसेल किंवा नेक पिळलेली असेल, तर त्या गिटारवर पुढे पैसा घालू नका. माझा सगळा हिशोब नेकवरच चालतो.

नेक चांगली असेल तर सुधारणेसारखा दुसरा सौदा नाही. घरघरीचंच घ्या. सिंगल-कॉइल पिकअप विजेच्या तारांची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ओढून घेतो. हमबकर पिकअपमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे गुणगुण एकमेकींना खाते आणि तारेचा सिग्नल मात्र शिल्लक राहतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यासाठीच पेटंटचा अर्ज केला होता. पण खरेदीआधी पिकगार्ड उघडून खालचा खड्डा मोजा. जागा सिंगल-कॉइलपुरतीच असेल तर लाकूड कोरावं लागेल. ते नको असेल तर त्याच मापात बसणारे हमबकर मिळतात, आवाज थोडा वेगळा असतो इतकंच.

मी एकदा ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) हमबकर बसवला आणि जुने २५० के (किलो-ओह्म) चे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग, तसेच ठेवले. आवाज असा, जणू अ‍ॅम्पवर गोधडी टाकलीय. दोन दिवस पिकअपला शिव्या घातल्या, मग ५०० के चे पॉट लावले आणि वरचे सूर परत आले. कमी ओह्मच्या पॉटमधून ट्रेबल जास्त गळते. तेव्हा पिकअपच्या बजेटमध्ये पॉटही धरा. सोल्डर झालं की तारा चढवण्याआधी केबल लावून पिकअपला स्क्रूड्रायव्हरनं हळूच टकटक करा. अ‍ॅम्पमधून ‘टक’ आलं तर जोडणी जमली.

किटचं, म्हणजे सुटे भाग आणून घरी जुळवायच्या गिटारचं, आकर्षण मला कळतं, पण पैसे वाचतील म्हणून कोणी घेत असेल तर थांबवेन. सोल्डरिंग आयर्न, सँडपेपर, फिनिश, फ्रेट सपाट करायची पट्टी आणि कानस, हे सगळं किटच्या किमतीत नसतं, आणि स्वस्त किटचे फ्रेट बहुधा कुठेतरी उंच-सखल असतातच. माझ्या किटमध्ये नेकचा खाचा किंचित सैल होता. तारा चढवल्या तर बारीक ई फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरून खाली जायची. स्क्रू जरासे सैल केले, नेक हातानं बाजूला ओढली, तशीच धरून परत आवळले. बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूनं जोडलेली, नेक होती म्हणून निभावलं. चिकटवायच्या नेकमध्ये कोन एकदा चुकला की गोंद वाळल्यावर हळहळण्याशिवाय काही उरत नाही. पहिलं किट बोल्ट-ऑनच घ्या, फिनिशही फडक्यानं लावायचं तेल निवडा.

आता नवी. हिला माझं मत तेव्हाच, जेव्हा सुटं काही बदलून काम भागत नाही. स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, हे ठळक उदाहरण. फेंडर घराण्याची ६४८ मिलिमीटर, गिब्सन घराण्याची साधारण ६२८. तारा त्याच, ट्यूनिंग तेच, तरी छोट्या स्केलवर ताण कमी आणि बेंड मऊ. जुन्या गिटारवर हे आणायचं तर खास वेगळी नेक शोधा, आणि तीही फक्त बोल्ट-ऑनवर. नेकची जाडी हाताला बोचत असेल तरी तेच. अशा वेळी गेली दोन वर्षं पिकअप बदलणारा माणूस चुकीच्या दुखण्याला औषध लावत असतो.

पुढेमागे विकायचा विचार असेल तर सुधारलेल्या गिटारला घातलेला पैसा परत मिळत नाही. काढलेले मूळ भाग डब्यात जपून ठेवा. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही गिटार तीन फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे भाग जुळवून झाली आणि २००४ मध्ये साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली खरी, पण ती क्लॅप्टन यांच्या हातातली होती.