पोर्टेबल पॉवर स्टेशन: वर्षभर वापरून झाल्यावर, गावच्या घरात आणि कलमांच्या बागेत

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे उचलून नेता येईल असा मोठ्या बॅटरीचा डबा, त्यालाच घरासारखे सॉकेट. आधीच सांगतो, ब्रँडचं नाव टाकणार नाहीये. वस्तू चांगली आहे, पण सर्व्हिसवाल्यांशी माझं भांडण चालू आहे, ते शेवटी येईल. आणि तसंही 1 किलोवॅट-अवरच्या (किती वीज मावते त्याचं माप, पुढे सांगतो) आसपासचे हे सगळे डबे आतून मावसभाऊच असतात, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते जास्त कामाचं.

आमचं घर दापोली तालुक्यात, आईबाबा तिथेच राहतात, मी पुण्यात. ज्यांना कोकणातली लाईट माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको. मिरग सुरू व्हायच्या आधीच फांदी तारेवर पडते, डीपीचा फ्यूज उडतो, वायरमन बिचारा एकटा आणि त्याच्याकडे गावं दहा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत 20 दिवस लाईट नव्हती, बाजारपेठेत एकाने जनरेटर लावून मोबाईल चार्ज करून द्यायचा धंदा काढला होता आणि लोक पिशवीत चारचार फोन घेऊन रांगेत उभे. तेव्हापासून डोक्यात होतं काहीतरी करायचं, पण बाबांना रात्री झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागायला लागलं तेव्हा मनावर घेतलं.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की साधा इन्व्हर्टर का नाही घेतला. बरोबर प्रश्न आहे. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून 20-25 हजारात काम होतं, गल्लीतला इलेक्ट्रिशियन बसवून देतो, बिघडला तर तोच दुरुस्त करतो. मला हा डबा 72 हजाराला पडला. नुसतं घरच चालवायचं असेल आणि डिस्टिल्ड वॉटर टाकायला कोणी असेल तर खुशाल इन्व्हर्टर घ्या, पॉवर स्टेशनच्या भानगडीत पडू नका. माझी अडचण अशी की बाबा 74 चे, ती 50-60 किलोची बॅटरी एकदा ठेवली की ठेवली, आणि मला मार्च ते मे हीच वीज बागेतल्या खोपीत पण हवी होती जिथे लाईनच नाहीये. हा डबा 13 किलोचा, आई एकटी उचलत नाही पण आईबाबा मिळून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतात.

आता आकडे. माझा 1024 वॅट-अवरचा आहे. हे वॅट-अवर वगैरे डोक्यावरून जात असेल तर सोपं सांगतो, 1000 वॅट-अवर म्हणजे लाईटबिलातलं एक युनिट. हो, 72 हजारात एक युनिट साठवता येतं, बायकोने हे ऐकल्यावर जे तोंड केलं ते इथे लिहिता येणार नाही. आणि तेही पूर्ण मिळत नाही, कारण आतल्या बॅटरीचा डीसी आपल्या 230 व्होल्टच्या एसीत करताना थोडं जातं, हातात साधारण 850-870 येतात. शिवाय एसीचं बटण चालू ठेवलं की काही लावलेलं नसलं तरी डबा स्वतःच 12 वॅट खातो. 12 म्हणजे किरकोळ वाटतं ना? 24 तासांचे 288 होतात, म्हणजे चौथा हिस्सा नुसता स्वतःच्या पोटात.

हे मला कळलं ते पहिल्याच रात्री. 2 बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारे पंखे (30-30 वॅट), राउटर 10, बाबांचं मशीन ह्युमिडिफायरसकट 50, असं सगळं लावून साडेदहाला झोपलो. हिशोब केला होता कागदावर, 1024 भागिले 120, साडेआठ तास आरामात, लाईट सहापर्यंत येईलच. पहाटे पाचला बीप बीप बीप आणि सगळं बंद. बाबा उठून बसले आणि म्हणाले, "अरे हे तुझं यंत्र आमच्या आधी उठलं." दुसऱ्या दिवशी दुकानातून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला, 700-800 रुपयाला मिळतो, आणि घरातली एकेक वस्तू त्यावर लावून बघितली. हे काम डबा घ्यायच्या आधी करायला हवं होतं, मी नंतर केलं. ह्युमिडिफायर बंद केला तर सीपॅप 50 वरून 15 वॅटवर आलं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले चालेल, तसंही जूनमध्ये कोकणातल्या हवेला अजून ओलावा कशाला हवाय. मग त्या मशीनचा गाडीत लावायचा डीसी अ‍ॅडॉप्टर मागवला आणि ते एसीऐवजी डब्याच्या सिगारेट सॉकेटवर घेतलं. आता तीच रात्र काढून सकाळी साडेसहाला 10-12 टक्के शिल्लक असतात. साधे जुने पंखे असते तर हे जमलंच नसतं, ते एकेक 75 वॅट घेतात. म्हणून माझा सल्ला विचाराल तर मोठा डबा घेण्याआधी पंखे बदला, 3 हजाराच्या पंख्याने 30 हजाराची बॅटरी वाचते.

फ्रीज वेगळं प्रकरण आहे. आमचा 190 लिटरचा सिंगल डोअर, मीटरवर दिवसाला 0.9 युनिट दाखवतो, म्हणजे नुसत्या फ्रीजवर डबा 16-17 तास जातो. पण बहुतेक डब्यांमध्ये इको मोड असतो, लोड कमी झाला की काही वेळाने एसी आपोआप बंद होतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबला की डब्याला वाटतं कोणी नाहीच घरात, आणि तो बंद करून मोकळा. मग कॉम्प्रेसर परत सुरू व्हायचा प्रश्नच नाही. आमची सुरमई अशीच गेली, फ्रीजरमधली दीड किलो. बॅटरी 70 टक्के भरलेली आणि सुरमईचा वास अख्ख्या पडवीत. ऍपमध्ये जाऊन इको मोड बंद करा, आणि ते पहिल्या दिवशीच करा.

मोटर! विहिरीवरचा 1 एचपीचा पंप यावर चालेल का असं निदान चार जणांनी विचारलं. नाही चालत. डब्यावर 1800 वॅट लिहिलंय, पंप चालताना घेतो हजार-अकराशे, त्यामुळे चालायला हवा असं वाटतं, पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते आणि डबा ओव्हरलोड दाखवून गप्प बसतो. मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा तेच. काही कंपन्या बूस्ट मोड म्हणून जाहिरात करतात, त्यात बहुतेक वेळा व्होल्टेज उतरवलेलं असतं, हीटर वगैरेला ते ठीक, मोटरला त्याने त्रासच. मिक्सर मात्र मस्त चालतो, आईची चटणी लाईट नसताना पण होते, हे तिच्या दृष्टीने या वस्तूचं सगळ्यात मोठं यश.

घेताना बघायच्या गोष्टी दोनच, बाकी डिस्प्लेचे रंग आणि टॉर्च वगैरे सोडून द्या. एक, बॅटरी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट आहे का. ती 3000 वेळा भरून रिकामी केली तरी साधारण 80 टक्के क्षमता राहते, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एनएमसीवाल्या (दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या) 500-800 मध्ये तिथे येतात. दोन, प्युअर साईन वेव्ह, म्हणजे लाईनसारखीच गुळगुळीत लहरीची वीज. मॉडिफाईड म्हणजे तुटक लहरीच्या विजेवर पंखा घूं घूं करतो आणि मेडिकल मशीन तर लावूच नये. आणि अमेरिकेतून कोणाला आणायला सांगू नका. माझ्या आतेभावाला मी सांगितलं होतं, तिथे सेलमध्ये निम्म्या भावात मिळतात. पण तिथले 120 व्होल्ट 60 हर्ट्झचे, आणि विमानात 160 वॅट-अवरच्या वरची बॅटरी न्यायलाच देत नाहीत.

आता सोलर. इथे मी जवळजवळ 10 हजार घालवले असते. खेडच्या दुकानदाराने 540 वॅटचं घरावर लावतात ते मोठं पॅनल दाखवलं, वॅटमागे स्वस्त पडतं ते खरं, म्हणाला दोन घ्या, डबा दोन तासात फुल. त्या पॅनलच्या मागच्या स्टिकरवर व्हीओसी (काही न जोडता पॅनल देतं ते जास्तीत जास्त व्होल्टेज) 49 व्होल्ट लिहिलेलं. माझ्या डब्याला जास्तीत जास्त 60 व्होल्ट चालतात, म्हणजे दोन सिरीजमध्ये, एकापुढे एक जोडून लावली की व्होल्टेजची बेरीज होऊन 98 आणि डब्याच्या इनपुटचा रामराम. छोट्या डब्यांना तर 28 व्होल्टच चालतात, त्यांना असलं एक पॅनलही जास्त. मी मग 165 वॅटची दोन छोटी घेतली, 22-22 व्होल्टची, सिरीजमध्ये 44. पॅनलची पिन डब्याला जोडणारी एमसी4 टू एक्सटी60 वायर वेगळी मागवावी लागते, डब्याबरोबर येत नाही. स्टिकर वाचा, दुकानदाराला विचारू नका.

बागेत हे सगळं झकास चाललं. एप्रिलमध्ये दुपारी 330 पैकी 230-240 वॅट मिळायचे, पाच तासात डबा भरायचा, राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याला पंखा, दोन बल्ब, फोन, आणि फवारणीच्या पंपाच्या बॅटऱ्या चार्ज. एकदाच गोंधळ झाला, त्यांनी डबा पत्र्याच्या खोपीत पत्र्याला चिकटून ठेवला आणि दुपारी तो गरम होऊन चार्जिंग घेईना. सावलीत कलमाखाली ठेवल्यावर अर्ध्या तासात शहाण्यासारखा सुरू. पण ज्या पावसाळ्यात लाईट जाते त्याच पावसाळ्यात सोलर झोपलेलं असतं, जूनमध्ये तीच पॅनलं 20-40 वॅट द्यायची. म्हणजे वादळाचं म्हणून सोलर घेत असाल तर मनाची तयारी ठेवा, निसर्गासारखे 20 दिवस यावर निघणार नाहीत, फोन आणि दोन बल्ब निघतील.

शेजारच्यांनी केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून छपरावर 3 किलोवॅटचं सोलर बसवलंय, 78 हजार सबसिडी मिळाली, बिल जवळपास शून्य. त्यांना वाटलं होतं आता लाईट गेली तरी आपल्याकडे असेल. नसते. ऑनग्रिड म्हणजे लाईनला जोडलेलं सोलर लाईन गेली की स्वतः बंद होतं, नाहीतर लाईनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. भर उन्हात छपरावर सहा पॅनलं आणि काका आमच्याकडे फोन चार्ज करायला. याच कारणाने अजून एक, कोणीतरी सांगेल की दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून डब्यातून घराच्या सॉकेटमध्ये घाला, अख्खं घर चालतं. करू नका. मेन स्विच पाडायचं एकदा विसरलात की खांबावरचा माणूस तुमच्या नावाने जाईल.

आता भांडण. दहाव्या महिन्यात तो सिगारेट सॉकेट मेला, ज्यावर बाबांचं मशीन चालतं तोच. वॉरंटी आहे. कंपनी म्हणते आमचं सर्व्हिस सेंटर दुसऱ्या राज्यात आहे, तुम्ही पाठवा. दापोलीचा कुरियरवाला म्हणतो लिथियम बॅटरी घेत नाही. रत्नागिरीचा घेतो पण ओरिजिनल खोक्यात, ज्यावर बॅटरीचा शिक्का छापलेला असतो तोच. कंपनीला तीन मेल केले, तिन्हीला एकच उत्तर, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तोवर सीपॅप परत एसीवर, सकाळी जेमतेम 3-4 टक्के.

काल आईला फोन करून विचारलं तो खोका माळ्यावर आहे ना. म्हणाली माळ्यावर नाही, पडवीत आहे, त्यात पेंढा घालून कोंबडी खुडूक बसवलीय, अकरा अंडी आहेत, एकवीस दिवस कोणी हात लावायचा नाही.