घरशाळेची पेटी: सात महिन्यांनंतर

मे महिन्यात, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरायच्या दिवसांत, मी ६,८०० रुपयांची घरशाळेची पेटी मागवली. पोरगा सहा वर्षांचा होणार होता, पहिली घरीच करायची ठरलं होतं, आणि मला हाताशी काहीतरी आखलेलं हवं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पेटी आवडलेलेही लोक असतीलच. आता फेब्रुवारी लागला. माझ्याकडून पाचपैकी दोन तारे, त्यातला एक पेटीच्या मजबूत पुठ्ठ्याला.

विदर्भात उन्हामुळे शाळा इतर ठिकाणांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. शेजारची पोरं दप्तर लावून निघाली त्याच दिवशी आम्हीही बसलो. पेटीत ३६ आठवड्यांची वही होती: रोज चार पाठ, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. पहिल्या आठवड्यात सगळ्या खुणा झाल्या. दुसऱ्यापासून मी खुणा करता याव्यात म्हणून शिकवत होते. पोरगा जांभई देतोय आणि मी म्हणतेय, "एवढा एकच राहिला रे." हे ध्यानात यायला ऑगस्ट उजाडला.

पण खरी गंमत मराठीच्या पत्त्यांची. 'मराठी मुळाक्षरे' असं छापलेला जाड, गुळगुळीत कागदाचा गठ्ठा. चौथ्या दिवशी पोरगा म्हणाला, "आई, फळा लिहायचा आहे, ळ दे." शोधला. दिवाणाखाली पाहिलं, पेटी उलटी केली. ळ नव्हताच! हिंदीचा संच उचलून वर 'मराठी' छापलं होतं. म्हणजे त्या पत्त्यांत फळा होत नाही, केळं होत नाही, पोळा होत नाही आणि शाळाही होत नाही. शेवटी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे स्केचपेनने ळ काढला. तो पत्ता आज सगळ्यांत मळलेला आहे. कंपनीला कळवलं, तर 'सूचनेबद्दल धन्यवाद' आलं. ळ आला नाही.

ऑक्टोबरच्या एका आठवड्यात वही सांगते, बाहेर जाऊन पिवळी, गळलेली पानं गोळा करा. आम्ही नागपूरच्या सेमिनरी हिल्सला गेलो. ऑक्टोबर हीटने जीव नकोसा, आणि झाडं हिरवीगार. आपल्याकडे सागाची पानं झडायला शिशिर लागतो, तेव्हा वही भलत्याच विषयावर पोहोचलेली असते. बनवणारे इथलेच, ऋतू मात्र परदेशातून मागवलेले. दसऱ्याला आपट्याची पानं हातात होती, त्यांच्याबद्दल वहीत ओळ नाही.

याउलट मारबतीचा दिवस. संकटं घेऊन जा म्हणत मिरवणुकीने नेतात तो मोठा पुतळा म्हणजे मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यालाच निघते ती. सकाळी इतवारीत बाबाच्या खांद्यावर बसून पोरगा काळी मारबत कधी येते याची वाट पाहत होता. ही परंपरा १८८१ पासूनची म्हणतात. मागून बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्यांच्या गळ्यात पाट्या. एका पाटीवर बोट ठेवल्यासारखं हवेत बोट फिरवत तो वाचू लागला, "म-हा-गा-ई-ला... घेऊन जा गे मारबत!" एकही जोडाक्षर नसलेलं, त्याने स्वतःहून वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य. वहीप्रमाणे त्या दिवशी 'एम फॉर मंकी' होता. तो चौकोन अजून रिकामा आहे.

गणिताचे मणी पेटीतली बरी वस्तू, फक्त गोल असल्याने घरभर पळतात. दिवाळीनंतर मी खराट्याच्या काड्या सारख्या कापून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. आणि मग आपल्या संख्यानावांचा घोळ समोर आला. "त्रेपन्न लिही" म्हटलं की पोरगा आधी ३ लिहितो, डावीकडे जागा सोडून, आणि मग तिथे ५ बसवतो. "पहिले तीनच ऐकू येतो ना," म्हणतो. एकोणसाठला त्याने ६९ लिहिलं, कारण साठ तर त्याने कानांनी ऐकला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मीही हसले होते. आता पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडून आधी 'पन्नास तीन', मग 'त्रेपन्न' असंच म्हणतो आम्ही. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, "एकोणनव्वद आहे, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मी भाकऱ्या थापत होते. उत्तर अजून दिलेलं नाही.

सासूबाईंचा विरोध होता. "काऊन वं, पोट्ट्याले शाळेत नाही घालत काय?" रोज. कायद्याचं विचाराल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य लिहिलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. पुढे परीक्षेसाठी एनआयओएसची (केंद्राची मुक्त शाळा) मुक्त बेसिक शिक्षणाची 'अ' पातळी आहे, तिसरीच्या बरोबरीची. हे सगळं सांगून सासूबाई हलल्या नाहीत. पण मेट्रोत बसल्यावर नातू प्रत्येक स्टेशनाची पाटी मोठ्याने वाचायला लागला आणि घोड्यांच्या पुतळ्यांचं 'झिरो माईल' आल्यावर "आजी, इथे चार घोडे आहेत, उतरू" म्हणाला, तेव्हापासून त्या स्वतः त्याला रोज अर्धा तास गोष्ट वाचायला बसवतात.

तर दिवाळीनंतर आम्ही वर्ष नव्याने सुरू केलं. बालभारतीची पहिलीची पुस्तकं (पीडीएफ फुकट मिळते, पण पोराला कागद हवा), काड्या, आणि हॉलच्या भिंतीवर काळा रंग मारून केलेला फळा. सकाळी दीड तास, बास. रंग मारताना एक चूक केली: दुसरा हात लावायच्या आधी भिंत नीट वाळू दिली नाही, आता खडूची पांढरी छटा जात नाही. ओल्या फडक्याने तर आणखी पसरते.

तरीही पेटी घ्यायचीच असेल, तर पैसे भरायच्या आधी विचारा, मराठीच्या संचात ळ आहे का. आमची अजून दिवाणाखाली आहे, अर्ध्या किमतीत द्यायची आहे. मणी अकरा कमी आहेत. ळ आम्ही ठेवून घेणार.