पेट्रोल की प्रोपेन? ट्रेलरसाठी जनरेटर घेताना

अमेरिकेत राहण्याचा ट्रेलर घेऊन हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) असलेल्या आरव्ही पार्कांतच, म्हणजे अशा ट्रेलरांच्या तळांवरच, मुक्काम करणार असाल, तर जनरेटरच्या फंदात पडूच नका. ट्रेलर नॅशनल पार्कात किंवा बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर न्यायचा असेल आणि 2000 वॅटच्या आसपासचा इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचा हेही ठरलं असेल, तर प्रश्न एकच उरतो: नुसता पेट्रोलवरचा, की पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हींवर चालणारा ड्युअल-फ्युएल? मी दोन्ही वापरले आहेत. सध्या ट्रेलरसोबत असतो तो ड्युअल-फ्युएल, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे पडणार ते आधीच सांगून टाकतो.

पेट्रोलच्या बाजूने बोलायचं तर होंडाचा ईयू2200आय हाच मापदंड. वजन साधारण 21 किलो, म्हणजे एका हाताने उचलता येतो, फक्त दुसऱ्या दिवशी कंबर आठवण करून देते. आवाज 48 ते 57 डेसिबल असं कंपनी सांगते. नॅशनल पार्कांच्या नियमाने 50 फुटांवर 60 डेसिबलच्या वर जाता येत नाही, तेव्हा ती काळजी मिटली. सेकंडहँड विकायला काढलात तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. चालायला लागल्यावर मला त्यात खोट काढता आलेली नाही.

कटकट होती ती यंत्राची नव्हे, कॅनची. पेट्रोलवरचा जनरेटर घेतला की पेट्रोलचा कॅन आलाच, आणि इथल्या कॅनच्या तोट्या ज्यांनी वापरल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. 2009 पासून ईपीए या पर्यावरण संस्थेच्या नियमाने वाफ बाहेर न जाऊ देणारे कॅन आले. हेतू चांगला, पण हवा आत जायला वेगळं भोक नाही. तोटीची कडी फिरवायची, खाच टाकीच्या काठावर टेकवायची, कॅनचं सगळं वजन पेलत खाली दाबायचं. आधी काहीच येत नाही. मग दोनदा गुळगुळ आवाज होतो आणि एकदम भसकन येतं. टाकी जेमतेम एक गॅलनची, आत किती भरलंय ते अंधारात दिसत नाही, म्हणून टॉर्च दातांत धरायचा. थोडं सांडतंच. ते फडक्याने पुसायचं, फडकं कुठे ठेवायचं हा नवा प्रश्न, आणि त्याच हातांनी आत जाऊन कांदा चिरायचा. साबणाने दोनदा हात धुतले तरी पोह्यांना पेट्रोलचा वास येतो असं आमच्या हिचं म्हणणं. मला येत नसे, पण वाद घालण्याची माझी ताकद त्या सकाळी उरलेली नसे.

त्यात पुन्हा वेळेचं गणित. योसेमिटी नॅशनल पार्कात जनरेटर सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 एवढाच चालवता येतो. गरम यंत्रात पेट्रोल ओतायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे साडेपाचला टाकी संपली तर तो निवेपर्यंत थांबा, मग तोटीशी झटापट, आणि मिळालेल्या दोन तासांतली वीस-पंचवीस मिनिटं अशीच जातात. तेवढ्या वेळात बॅटरी बरीच भरली असती. एरवी कॅन कुठे ठेवायचा? पिकअप असेल तर मागे उघड्यावर बांधता येतो. एसयूव्हीने ट्रेलर ओढत असाल तर तो डिकीत, चिवड्याच्या डब्याशेजारी. उन्हात कॅन फुगतो, आणि गाडीत वास नाही असा प्रवास होत नाही.

प्रोपेनचे दोन सिलिंडर ट्रेलरच्या नाकावर असतातच. शेगडी, हीटर, फ्रिज त्यावरच चालतात. जनरेटरही त्यावर लावला की कॅन हा प्रकारच संपला. नळी जोडायची, व्हॉल्व्ह उघडायचा, दोरी ओढायची. सिलिंडर संपला तर दुसरा जोडायचा, सांडण्यासारखं काही नसतंच. शिवाय पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हिवाळाभर ते टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो आणि वसंतात दोरी ओढून ओढून खांदा जातो. प्रोपेन शिळा होत नाही. ऑक्टोबरात बंद केलेलं यंत्र एप्रिलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होतं, निदान माझं तरी.

आता उलट बाजू, कारण ती आहे. प्रोपेनवर ताकद कमी मिळते: पेट्रोलवर सलग 1800 वॅट देणारं यंत्र प्रोपेनवर साधारण 1650 च्या आसपास येतं. इंधनातली ऊर्जाही गॅलनमागे पेट्रोलच्या तीन चतुर्थांश, म्हणजे सिलिंडर वाटतो त्यापेक्षा लवकर रिकामा होतो. वर उंचीचा फटका दोघांनाही बसतो, दर हजार फुटांमागे सुमारे साडेतीन टक्के. सहा हजार फुटांवर पेट्रोलवाला 1400 वर येतो, प्रोपेनवाला 1300 वर. छतावरचा 13,500 बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी चालवायचा असेल तर हा फरक जाणवतो. एसीला सॉफ्ट-स्टार्ट बसवलेला नसेल तर सुरुवातीचा झटका दोघांनाही झेपणार नाही, ते वेगळंच. माझं म्हणणं एवढंच की सहा हजार फुटांवर एसी लागतो कुणाला? ताहो सरोवरापाशी रात्री गोधडी लागते. पण तुम्ही जुलैत ॲरिझोनाच्या वाळवंटात जाणारे असाल, तर माझं ऐकू नका, पेट्रोलचाच घ्या, आणि तोही एक नंबर मोठा.

कडक थंडीतही प्रोपेन जरा रुसतो. सिलिंडर अर्धा रिकामा आणि पारा शून्याच्या बराच खाली, की गॅस पुरेसा तयार होत नाही आणि यंत्र अडखळतं. बर्फात कॅम्पिंग करणाऱ्यांनी हे धरून चालावं. ड्युअल-फ्युएल असल्याने अशा वेळी पेट्रोल घालता येतंच, पण मग कॅन पुन्हा दारात.

पॉवर स्टेशन म्हणतात त्या मोठ्या बॅटरीच्या खोक्याचं काय, असं हमखास विचारतात. फोन, पंखा, सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) एवढंच लागत असेल आणि मुक्काम दोन रात्रींचा असेल, तर तेच घ्या आणि हा लेख इथेच सोडा. त्यापुढे मात्र ते भरायचं कशाने हा प्रश्न येतो. योसेमिटीच्या पाइनच्या सावलीत सोलर पॅनल फारसं काही देत नाही.

विकत घेताना जी गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती सांगतो. ट्रेलरच्या कुशीला बार्बेक्यूसाठी जे क्विक-कनेक्ट (गॅसची नळी झटकन जोडायचं तोंड) असतं, त्यातला गॅस रेग्युलेटरमधून आधीच कमी दाबाचा होऊन आलेला असतो. जनरेटरसोबतच्या नळीला स्वतःचा रेग्युलेटर असतो. दोन रेग्युलेटर एकामागे एक लागले की यंत्राला गॅस पुरत नाही, ते खोकत राहतं, आणि लोक जनरेटरला दोष देतात. सिलिंडरपाशी, ट्रेलरच्या रेग्युलेटरच्या आधी टी-जोड बसवा आणि नळी तिथून घ्या. नळी लांब घ्या म्हणजे जनरेटर खिडक्यांपासून दूर, धूर वाऱ्याबरोबर पलीकडे जाईल असा ठेवता येतो. ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, तेही बटण दाबून बघा.

आणखी एक, हे दोन्ही प्रकारांना लागू: ट्रेलरला सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या चढ-उतारापासून वाचवणारं उपकरण) असेल तर तो बरेचदा ‘ग्राउंड (अर्थिंग) नाही’ म्हणून वीज आतच घेत नाही. या जनरेटरांचा न्यूट्रल ग्राउंडला जोडलेला नसतो, म्हणून तसं होतं. त्यासाठी न्यूट्रल-ग्राउंड जोडणारा छोटा प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायचा, बस्स.

किमतीत ड्युअल-फ्युएल बरेचदा होंडापेक्षा स्वस्त पडतो. आवाज मात्र थोडा जास्त वाटतो, निदान माझ्या कानांना. कॅलिफोर्नियात राहत असाल तर कार्बचं (म्हणजे तिथल्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) लेबल बघूनच घ्या, कारण 2024 पासून नव्या जनरेटरांचे नियम कडक झालेत आणि 2028 पासून नवा जनरेटर शून्य-उत्सर्जनाचाच लागेल. बाहेरच्या राज्यातून स्वस्तात मागवायचा विचार असेल तर ऑर्डर देण्याआधी मॉडेल नंबरच्या शेवटी काय लिहिलंय ते नीट वाचा. एकाच यंत्राची कार्ब आणि बिगर-कार्ब अशी दोन रूपं असू शकतात, आणि फोटोत ती सारखीच दिसतात.